गाडीचा एअर फ्लो सेन्सर घरी साफ करणं आणि बदलणं: खान्देशातल्या गाडीवाल्यांचे वारंवार येणारे प्रश्न

माझं गॅरेज नाही. घरची डिझेल गाडी आणि भाऊबंद, शेजारीपाजारी यांच्या गाड्या अंगणातच बघतो, आणि मार्च लागला की या एकाच सेन्सरबद्दल फोन सुरू होतात. विचारणारे वेगळे, प्रश्न तेच, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. वरून खाली वाचलं तर उत्तम, नाहीतर आपला प्रश्न शोधा, दुसऱ्या उत्तराशी संबंध असेल तिथे नंबर दिलाय.

१. एअर फ्लो सेन्सर म्हणजे नेमकं काय? एअर मास, एमएएफ, फ्लो मीटर हे वेगवेगळे आहेत का?

एकच वस्तू आहे, नावं वेगळी. इंजिनमध्ये किती हवा चाललीये हे मोजतो. एअर फिल्टरच्या डब्यातून निघून जो जाड पाईप इंजिनकडे जातो त्याच्या तोंडाशीच हा बसलेला असतो. आत केसासारखी बारीक तार असते नाहीतर पातळ पट्टी, तिला करंट देऊन आत येणाऱ्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी जास्त गरम ठेवतात. हवा वाहिली की ती थंड व्हायला बघते, तेवढीच गरम ठेवायला जास्त करंट लागतो, आणि किती जास्त लागला यावरून ईसीएमला (इंजिन सांभाळणाऱ्या कंप्युटरला) समजतं की किती ग्रॅम हवा आत गेली. लिटर नाही, ग्रॅम, हे लक्षात ठेवा, पुढे २० व्या प्रश्नात कामाला येईल.

आता त्या तारेवर धुळीचा थर बसला तर तिला हवा नीट लागत नाही, करंट कमी लागतो, आणि ईसीएम समजतो हवा कमी आली. बहुतेक सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

२. भाऊ, मनी गाडीले हाऊ सेन्सर से का नही, हाई कसं समजी?

बॉनेट उघडा, फिल्टरचा डबा शोधा, त्याच्यातून इंजिनकडे जाणारा पाईप हाताने चाचपत जा. डब्याच्या तोंडाशी किंवा पाईपवर चार-पाच वायरींचा कपलर (वायरींचा खटक्याने बसणारा प्लग) लावलेला सेन्सर दिसला तर तोच. फक्त दोन वायरी असतील तर तो नुसता हवेचं तापमान बघणारा आहे. आणि कपलरवाला सेन्सर पाईपवर नसून थेट इंजिनच्या मॅनिफोल्डवर असेल तर तो मॅप सेन्सर, म्हणजे दाब मोजणारा.

आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांना एअर मास नसतोच, मॅपवरच काम चालतं. तुमची तशी असेल तर खालचं साफसफाईचं प्रकरण तुम्हाला लागू नाही, फिल्टर आणि पाईपचं मात्र लागू आहे. डिझेलमध्ये हा हमखास भेटतो, १.३ लिटरच्या डिझेल स्विफ्ट-डिझायरला आहे, एमहॉक इंजिनच्या स्कॉर्पिओला आहे. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं, त्यामुळे रस्त्यावरच्या त्यांच्या सगळ्या डिझेल गाड्या आता जुन्या झाल्यात आणि माझ्याकडे येणारे निम्मे फोन त्यांचेच असतात.

३. खराब झाला की गाडी काय काय करते?

पेट्रोल असेल तर स्लोवर (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) गाडी डुगडुगते, वर-खाली होते, सिग्नलला बंद पडते, सकाळी स्टार्ट व्हायला वेळ घेते, रेस दिली की आधी दचकते आणि मग उचलते, अ‍ॅव्हरेज पडतं.

डिझेलचं वेगळं. स्टार्ट मस्त होते, स्लो मस्त असतो, पण चढावर आणि ओव्हरटेकला दम नाही. कारण ईसीएम हवा कमी समजतो आणि काळा धूर होऊ नये म्हणून डिझेलच कमी सोडतो. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना जी गाडी तिसऱ्या गिअरला चढायची ती दुसरा मागते, बऱ्याच जणांना पहिल्यांदा तिथेच कळतं. उलटही होतं, सेन्सर जास्त हवा दाखवतो आणि मग काळा धूर.

पण हीच लक्षणं दुसऱ्या दहा कारणांनी पण येतात, म्हणून लक्षण बघून सेन्सर मागवू नका, आधी ६ वाचा.

४. चेक लाईट लागली, स्कॅनरवर पी०१०१ आला. म्हणजे सेन्सर गेला ना?

नाही. कोड म्हणजे तक्रार आहे, निकाल नाही. पी०१०० म्हणजे सर्किटमध्ये गडबड. पी०१०१ म्हणजे सेन्सर जे सांगतोय ते इंजिनच्या बाकी आकड्यांशी जुळत नाही, यात मळका सेन्सर, फाटका पाईप, चोंदलेलं फिल्टर, अडकलेला ईजीआर (जळालेला धूर परत इंजिनमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह, १६ बघा) सगळे येतात. पी०१०२ म्हणजे सिग्नल फारच कमी, पी०१०३ म्हणजे फारच जास्त, या दोन्हीत वायर आणि कपलर आधी बघायचे. पी०१०४ म्हणजे मधूनच येतो-जातो, तिथे तर कपलर ढिला असण्याची शक्यता जास्त. याच सेन्सरच्या आत हवेच्या तापमानाचा सेन्सर पण असतो, त्यामुळे पी०११३ सोबत आला असेल तर बहुतेक वेळा कपलर निघालाय किंवा वायर तुटलीये असं धरा.

५. घरी स्कॅनर नाही, मोबाईलवर बघता येतं का?

येतं. ब्लूटूथचं छोटं डोंगल स्टेअरिंगखालच्या सॉकेटला लावायचं आणि मोबाईलवर अ‍ॅप. २०१३ नंतरच्या गाड्यांना हे बहुतेक चालतं, त्याआधीच्या गाड्या साध्या डोंगलला कधी उत्तर देतात कधी नाही.

बघायचं काय ते सांगतो. पेट्रोलमध्ये आकडा ग्रॅम प्रति सेकंद असा येतो. गरम इंजिन, एसी बंद, स्लोवर, दीड लिटरच्या इंजिनला साधारण दोन ते चार. डिझेलमध्ये मोठ्या स्कॅनरवर एका स्ट्रोकला किती मिलीग्रॅम असं दिसतं, त्याचा हिशोब घरीच होतो. १.३ लिटरच्या इंजिनचा एक सिलिंडर ३१२ सीसीचा, आपल्याकडची एक लिटर हवा सव्वा ग्रॅमच्या आत, म्हणजे पूर्ण भरला तरी ३५०-३६० मिलीग्रॅम, पूर्ण कधी भरत नाही, म्हणून ईजीआर बंद असताना स्लोवर तीनशे-सव्वातीनशे दिसलं की ठीक. ईजीआर उघडा असेल तर आकडा बराच खाली येतो आणि तो यायलाच पाहिजे, ते बघून घाबरू नका.

आकड्यापेक्षा त्याची चाल बघा. हळूहळू रेस दिली की आकडा गुळगुळीत चढायला हवा, मध्येच उडी मारली, शून्य झाला किंवा अडकून बसला तर सेन्सर नाहीतर कपलर.

६. सेन्सरला हात लावायच्या आधी काय काय तपासायचं?

मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिलं फिल्टर. काढा, उन्हात धरा, उजेड आरपार दिसतो का बघा. डब्याच्या खालच्या भागात हात फिरवा, माती, पाला, कापसाची रुई, मेलेले किडे काय काय निघेल. आता फिल्टरच्या पलीकडे, म्हणजे सेन्सरच्या बाजूला बोट फिरवा. तिथे धूळ लागली तर फिल्टर नीट बसलेलं नाही किंवा कडेने फाटलंय, आणि मग तुम्ही सेन्सर कितीही वेळा धुवा, आठ दिवसांत पुन्हा तेच.

दुसरं रबरी पाईप. सेन्सरच्या पुढे इंजिनपर्यंत जो घडीघडीचा रबरी होज असतो तो हाताने ताणून प्रत्येक घडीत बघा. वरून चांगला दिसतो आणि खालच्या बाजूने फाटलेला असतो. तिथून जी हवा आत जाते ती सेन्सरने मोजलेलीच नसते. दोन्ही टोकांच्या क्लिपा आवळा. डिझेलला टर्बोपासून (हवा दाबून आत भरणारा पंखा) इंटरकूलरपर्यंतचे (ती हवा गार करणारी जाळी) पाईप पण बघा, जोडावर तेलाची ओल दिसली की तिथून दाब सुटतोय असं समजा, थोडंसं तेल आत असतंच पण बाहेर आलेलं बरोबर नाही.

तिसरं कपलर. काढून आत हिरवट-पांढरं काही जमलंय का, पिना वाकल्यात का, लॉक तुटलंय का. पुन्हा घट्ट लावा, 'टक' आवाज आला पाहिजे.

हे मी शिकलो ते पैसे घालवून. गाडी पिकप घेईना, एका गॅरेजवर स्कॅनर लावला, पी०१०१ आला, लगेच नवीन सेन्सर टाकला. चार दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. शेवटी मीच रविवारी अंगणात पाईप उतरवला तर खालच्या घडीत बोटभर चीर. तो रबरी होज सेन्सरच्या मानाने किरकोळ किमतीचा होता. जुना सेन्सर परत लावला, तो आजही चालू आहे आणि नवीन डब्यात पडलाय. तेव्हापासून कुणीही विचारलं की मी आधी पाईप चाचपायला लावतो.

७. आपल्याकडेच हा सेन्सर इतका त्रास का देतो? पुण्याच्या पाहुण्याला माहीत पण नाही.

माती. आपली काळी माती उन्हाळ्यात भुगा होते, पिठासारखी, आणि शेतरस्त्यावर पुढच्या ट्रॅक्टरच्या मागे दोन किलोमीटर गेलं की फिल्टरने खाल्ली ना. त्यात सुरत-नागपूर हायवेवर जिथे जिथे काम चाललेलं असेल तिथला मुरूम. दिवाळीनंतर कापूस निघतो, जिनिंगच्या आसपास गाड्या लागतात, तिथली रुई फिल्टरवर पांघरुणासारखी बसते. रुईने सेन्सर बिघडत नाही, फिल्टर चोंदतं, पण चोंदलेलं फिल्टर जास्त जोरात ओढलं जातं आणि कडेने जरा जागा असेल तर तिथून कच्ची हवा शिरते.

आणि आपली एक सवय आहे, कंप्रेसरच्या हवेने फिल्टर मारायचं आणि तेच परत टाकायचं. एक-दोनदा ठीक, तेही आतून बाहेर आणि लांबून. जवळून जोरात मारलं की कागदाला न दिसणारी छिद्रं पडतात. रावेर-यावलकडे केळीच्या बागांतून रोज फिरणाऱ्या गाडीला मी कंपनीच्या तक्त्यात लिहिलंय त्याच्या निम्म्या अंतरावर नवीन फिल्टर टाकायला सांगतो.

८. मग सेन्सर किती दिवसांनी साफ करायचा?

दिवस ठरवून साफ करायची गरज नाही. फिल्टर नीट असेल तर तो वर्षानुवर्षं साफच राहतो. मी वर्षातून एकदा, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत, फिल्टर बदलतानाच सेन्सर काढून उजेडात बघतो, तारेवर करडा थर किंवा तेलकट चमक दिसली तरच धुतो. उगाच महिन्या-महिन्याला काढला तर कपलरचं लॉक आणि प्लास्टिकचे आटे आधी जातात.

९. कुठला स्प्रे वापरायचा? माझ्याकडे डब्ल्यूडी-४० आहे, चालेल?

नाही, आपल्या घरात असतो तो साधा डब्ल्यूडी-४० नाही चालणार, तो मागे तेलाची फिल्म सोडतो आणि तिच्यावर धूळ चिकटते. कार्बोरेटर क्लीनर नाही, ब्रेक क्लीनर नाही, पेट्रोल नाही, रॉकेल तर नाहीच. डब्यावर एमएएफ सेन्सर क्लीनर असं लिहिलेलाच घ्या, जळगाव-धुळ्याच्या मोठ्या स्पेअरच्या दुकानात मिळतो नाहीतर ऑनलाईन मागवा.

नाहीच मिळाला तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाईल रिपेअरवाले बोर्ड धुवायला हेच वापरतात, त्यांच्याकडे आयपीए म्हणून मागा. सॅनिटायझर मात्र अजिबात नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं, ते वाळून चिकट राहतं.

१०. साफ कसा करायचा, सगळं क्रमाने सांगा.

इंजिन पूर्ण थंड पाहिजे, सकाळी उठल्या उठल्या करा. चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. रेडिओचा कोड लागणारी गाडी असेल तर तो आधी शोधून ठेवा.

कपलर काढताना वायरी ओढायच्या नाहीत. बऱ्याच कपलरला लाल किंवा पिवळी सरकपट्टी असते, ती आधी मागे सरकवायची, मग खटका दाबून काढायचा. उन्हाने प्लास्टिक कडक झालेलं असतं, घाई केली की तुटतं. नंतर दोन स्क्रू. काही गाड्यांना साधे फुलीचे असतात, बॉशच्या सेन्सरला बहुतेक टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचे), टी-२०, आणि काहींत मध्ये टोक असतं, त्याला भोकवालाच बिट लागतो. साध्या पेचकसाने ओरबाडत बसू नका, बिटचा सेट घ्या, कुठेही मिळतो. सेन्सर सरळ वर ओढा, ओ-रिंगमुळे घट्ट वाटतो, थोडा हलवत हलवत काढा. ओ-रिंग आत तर पडली नाही ना बघा, आणि उघड्या भोकात स्वच्छ फडकं घाला.

आता धुणं. सेन्सरचं तोंड खाली धरा, नळी चार बोटं लांब ठेवा आणि लहान लहान फवारे मारा, दहा-पंधरा. तारेवर, पट्टीवर, आणि बाजूला तापमानाचा बारीक मणी असतो त्याच्यावर. मळ आपोआप गळून खाली पडला पाहिजे. बोट, इअरबड, ब्रश, कापूस, काहीच लावायचं नाही. तार इतकी नाजूक असते की इअरबडच्या एका धाग्याने जाते. कंप्रेसरची हवा पण नाही, फुंकर पण नाही.

मग सावलीत उभा ठेवून वाळू द्या. अर्धा तास धरा. आपल्याकडे मे महिन्यात पाच मिनिटांत वाळल्यासारखा दिसतो पण आतल्या खाचेत स्प्रे राहिलेला असतो, तो पेट घेणारा आहे, ओला सेन्सर लावून चावी फिरवायची नाही. हे सगळं करताना बिडी-सिगारेट आसपास नको, पोरं लांब.

लावताना बाणाची दिशा बघा, हवा फिल्टरकडून इंजिनकडे जाते, बाणही तसाच. स्क्रू प्लास्टिकात जातात, हाताला घट्ट लागले की बस. कपलर, बॅटरी, मग गाडी स्टार्ट करून पाच-दहा मिनिटं स्लोवर ठेवा. बॅटरी काढल्यामुळे सुरुवातीला स्लो थोडा विचित्र वाटेल, दोन-चार फेऱ्यांत जागेवर येतो.

११. माहीत नव्हतं, कार्ब क्लीनर मारून बसलो. आता?

लगेच एमएएफ क्लीनरने किंवा आयपीएने दोन-तीनदा धुवा, पूर्ण वाळवा, लावून बघा. तार वाचली असेल तर चालेल. प्लास्टिक पांढुरकं पडलं असेल किंवा पट्टीवरचा थर उडालेला दिसत असेल तर तो गेला.

१२. कपलर काढून ठेवला की गाडी मस्त पळते. तशीच चालवू का?

ही चाचणी म्हणून फार चांगली आहे. कपलर काढला की ईसीएम सेन्सरचं ऐकणं सोडतो आणि आपल्याकडचा ठरलेला आकडा धरून चालतो. गाडी सुधारली तर सेन्सर चुकीचं सांगतोय हा संशय बराच पक्का होतो. काहीच फरक पडला नाही तर दुसरीकडे बघा. काही गाड्या मात्र कपलर काढल्यावर रेसच घेत नाहीत किंवा स्टार्ट होत नाहीत, तो त्यांचा स्वभाव आहे, बिघाड नाही.

पण तसंच चालवू नका. चेक लाईट कायम राहील, मग दुसरा खरा बिघाड आला तरी कळणार नाही, पेट्रोल गाडी जास्त तेल पिऊन पुढचं धूर साफ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करेल. नवीन सेन्सर येईपर्यंत दोन-चार दिवस अडचणीत ठीक.

१३. मल्टिमीटरने तपासता येतो का?

सप्लाय नक्की तपासता येतो आणि तो तपासाच. चावी ऑन, इंजिन बंद, कपलर काढलेला: एका पिनवर बॅटरीएवढे १२ व्होल्ट, एका पिनवर चांगलं अर्थिंग आणि बऱ्याच गाड्यांत एकीवर ५ व्होल्ट. कुठली पिन कुठली हे गाडीप्रमाणे बदलतं, त्यामुळे तुमच्या गाडीचा वायरिंग डायग्राम बघूनच. १२ नाही आले तर फ्यूज, रिले, वायर. तिथे सेन्सर बदलून काही होणार नाही.

सिग्नलचं तपासणं जुन्या सेन्सरवर जमतं, बॉशच्या व्होल्टेजवाल्यात हवा नसताना साधारण १ व्होल्ट दिसतो आणि रेस दिली की चढतो. नवीन गाड्यांत सिग्नल फ्रिक्वेन्सीमध्ये असतो, साध्या मीटरवर काही बोध होत नाही, तिथे ५ वालं डोंगल बरं.

१४. नवीन कुठला घेऊ, ओरिजिनल, लोकल का भंगारातला?

ओरिजिनल, किंवा ज्या कंपनीचा गाडीत आलाय त्याच कंपनीचा बाजारातला. जुन्याच्या अंगावर छापलेला पार्ट नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत जुळवा. बाहेरून दोन सेन्सर हुबेहूब सारखे असतात, कपलर पण बसतो, पण आतलं माप वेगळं असतं आणि मग गाडी धड चालतही नाही आणि कोडही येत नाही. असा बिघाड शोधायला सगळ्यात अवघड.

लोकल स्वस्त मिळतो पण मी पाहिलेल्यांपैकी बरेच पहिल्या दिवसापासून कमी दाखवतात. त्यापेक्षा भंगारातला ओरिजिनल धुऊन लावलेला बरा, फक्त दुकानदाराकडून लावून बघायची बोली करा. ओरिजिनलचे पण डुप्लिकेट येतात, खूपच स्वस्त भेटला, छपाई पुसट आहे, सील नाही, तर घेऊ नका. बिल घ्या. काही गाड्यांत नुसता आतला सेन्सर मिळतो, काहींत नळीसकट घ्यावा लागतो, पैसे द्यायच्या आधी विचारा. आणि गाडी वॉरंटीत असेल तर यातलं काहीच घरी करू नका, सरळ कंपनीत न्या.

१५. बदलल्यावर प्रोग्रॅमिंग लागतं का?

बसवणं १० सारखंच, फक्त धुण्याचा भाग नाही. प्रोग्रॅमिंग बहुतेक गाड्यांना लागत नाही. जुना कोड मात्र पुसा, आणि ईसीएमने जुन्या खोट्या आकड्यांवर जी सवय लावून घेतलेली असते ती मोडायला थोडं चालवावं लागतं, गावातलं आणि हायवेवरचं दोन्ही. काही डिझेल गाड्यांत स्कॅनरमधून एअर मासची शिकलेली किंमत रिसेट करायचा पर्याय असतो, तो असेल तर करून घ्या.

१६. ओरिजिनल नवीन टाकला, पाईप बघितले, तरी डिझेल गाडीला तोच कोड परत येतो. आता काय?

ईजीआर बघा. डिझेलमध्ये एअर मासचं मोठं काम ईजीआरचा हिशोब ठेवणं हेच आहे. ईसीएम ईजीआर व्हॉल्व्ह उघडतो म्हणजे जळालेला धूर परत आत येतो आणि तेवढी ताजी हवा कमी होते, ती किती कमी झाली हे सेन्सर सांगतो. आता व्हॉल्व्ह काजळीने उघडाच अडकला तर ताजी हवा सतत कमी, सेन्सर खरं तेच सांगतोय, पण ईसीएमने तर व्हॉल्व्ह बंद करायला सांगितलेलं असतं, त्याला वाटतं सेन्सर खोटा. बंद अडकला तर उलट, हवा कमीच होत नाही, बऱ्याचदा पी०४०१ सोबत येतो.

स्कॅनरवर ईजीआर बंद करून आकडा ५ मधल्या हिशोबाएवढा येतो का बघा. नाही आला तर व्हॉल्व्ह काढून धुवा, गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत काजळीचा अक्षरशः डांबरासारखा थर निघतो. आणि लोक ईजीआर पत्रा मारून बंद करून टाकतात, त्याने पण हाच कोड येतो, शिवाय गाडीचं प्रदूषण वाढतं. जुनी गाडी विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाने हे करून ठेवलंय का ते नक्की बघा.

१७. पेट्रोल गाडी, एअर मासचा कोड नाही, पी०१७१ येतो. सेन्सरचा संबंध आहे का?

असू शकतो. पी०१७१ म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी पडतंय. डोंगलवर फ्यूल ट्रिम (ईसीएम पेट्रोल किती टक्के वाढवतोय-कमी करतोय तो आकडा) बघा, उणे दहा ते अधिक दहा टक्क्यांत असेल तर ठीक. स्लोवर अधिक वीस आणि २५०० आरपीएमला धरलं की खाली येतो, तर कुठून तरी हवा गळतीये, ६ मधला पाईप बघा. स्लोवर बरा आणि हायवेला लोडवर वाढत जातो, तर सेन्सर कमी दाखवतोय नाहीतर पेट्रोलच कमी पोचतंय, फिल्टर किंवा पंप. आधी सेन्सर धुवा कारण ते स्वस्त आहे, फरक नाही पडला तर पेट्रोलचा दाब तपासून घ्या.

१८. गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलंय. त्याने सेन्सर खराब होतो का?

जुन्या पद्धतीच्या किटमध्ये, जिथे पाईपमध्ये मिक्सर असतो, तिथे होतो. पूर्ण पाईपभर गॅस-हवेचं मिश्रण भरलेलं असतं, प्लग किंवा कॉईल कमजोर झाली की बॅकफायर उलटा मागे येतो, एका फटक्यात सेन्सरची तार आणि कधी फिल्टरचा डबाच फुटतो. सीक्वेन्शियल किटमध्ये गॅस इंजिनच्या अगदी जवळ सोडतात, तिथे हा धोका फार कमी. मिक्सरवालं किट असेल तर प्लग वेळेवर बदला, आणि 'फट्' आवाज एकदा जरी आला तरी डबा उघडून बघा.

१९. धुऊन वापरायचं, तेल लावायचं फिल्टर टाकलंय, चालेल ना?

तेल जास्त झालं की ते उडून सेन्सरवर बसतं आणि त्याच्यावर धूळ. आपल्या मातीत मी तरी साधं कागदीच सुचवतो. टाकलंच असेल तर धुतल्यावर तेल हलकं लावा, रात्रभर मुरू द्या, आणि ८ मधली तपासणी वर्षातून दोनदा करा.

२०. मे महिन्यात भुसावळला गाडी ओढतच नाही, हिवाळ्यात पळते. सेन्सर?

बहुतेक नाही. १५ अंशाला एक लिटर हवा साधारण १.२ ग्रॅम भरते, ४५ अंशाला १.१, म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास हवाच कमी, वरून एसीचा भार. सेन्सर तेच खरं ते सांगतोय. तोरणमाळला पण तसंच, साडेअकराशे मीटर उंचीवर हवा विरळ आहे. टर्बोवाल्या गाडीला हे कमी जाणवतं. उन्हाळ्यातच अचानक, मागच्या उन्हाळ्यापेक्षा जास्त फरक पडला असेल तरच ६ पासून सुरू करा.

२१. पोळ्याच्या सुमारास पहिल्यांदाच त्रास सुरू झाला, उन्हाळ्यात गाडी चांगली होती. असं कसं?

पावसाळ्यातले बिघाड बहुतेक वायरीचे असतात. गाडी धुताना प्रेशरचा फवारा बॉनेटमध्ये मारला की कपलरमध्ये पाणी जातं, कपलर काढून उन्हात वाळवा, पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा. भरलेल्या नाल्यातून गाडी घातली असेल तर फिल्टर ओलं आहे का ते आधी बघा, ओलं असेल तर गाडी स्टार्टच करू नका, पाणी इंजिनमध्ये गेलं तर सेन्सरची काळजीच उरणार नाही.

आणि उंदीर. शेतात पाणी झालं की ते कोरडी, उबदार जागा शोधतात, खळ्यात किंवा गोठ्याशेजारी लावलेल्या गाडीच्या फिल्टरच्या डब्यात मी घरटं पाहिलंय, कापूस आणि गवताचं. एअर मासची वायर अगदी डब्यावरूनच जाते, ती कुरतडलेली असते आणि वरची काळी टेप तशीच असल्यामुळे दिसत नाही. टेपवरून बोटाने दाबत जा, मऊ किंवा तुटक लागलं तिथे उघडा. वायर जोडायची तर नुसती पिळून टेप मारू नका, डाग द्या आणि वर श्रिंक स्लीव्ह चढवा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात पी०१०४ घेऊन तुम्ही मलाच फोन कराल.